‘एम्’ अक्षराचे कांहीं इंग्रजी शब्द : शेतकऱ्यांनीं लक्षांत ठेवण्याजोगे अर्थ

शेतकऱ्यास इंग्रजी भाषा आलीच पाहिजे, असें आमचें म्हणणें नाहीं. आपल्या वाडवडिलांनीं ती न शिकतांच उत्तम शेती केली. परंतु ज्या कागदावर आपण सही करितों, ज्या पोत्याचे पैसे मोजतों आणि ज्या काट्यावर आपला माल घालतों, त्यांच्याशीं लागलेल्या शब्दांचा अर्थ आपणांस ठाऊक असला पाहिजे, याविषयीं दुमत होणार नाहीं. आपल्या राज्याचा कारभार मराठींत चालतो हें खरें. तथापि बँकेचे करारनामे, खतांचीं पोतीं व बाजारांतील व्यवहार यांत इंग्रजी शब्द अद्याप ठाण मांडून आहेत, आणि पुष्कळ तर मराठी अक्षरांचा वेष घेऊन आपल्या रोजच्या बोलण्यांतही शिरले आहेत. असा शब्द ऐकून ऐकून ओळखीचा होतो. पण ओळख म्हणजे अर्थज्ञान नव्हे.

हें लिहिण्यास एक घरगुती कारणही आहे. सन २०२० सालीं टाळेबंदीच्या दिवसांत आमच्या वडील बंधूंस ट्रॅक्टरच्या कर्जासंबंधीं एका बँकेंतून निरोप आला कीं, मोरेटोरियम लागू आहे, तूर्त हप्ता भरला नाहीं तरी चालेल. त्यांनीं आम्हांस विचारिलें, “तूं इतकीं वर्षें कचेरींत लेखणी झिजविलीस, ह्या शब्दाचा अर्थ काय?” आम्हीं कोश न उघडतां, विचार न करितां सांगितलें कीं, सरकारनें हप्ते सोडले. बंधूंनीं हप्त्यासाठीं बाजूस ठेविलेली रक्कम विहिरीच्या कामास घातली. पुढें बँकेचा खातेउतारा आला, तेव्हां न भरलेल्या महिन्यांचें व्याज मुदलांत मिळविलेलें होतें व कर्जाची मुदत लांबली होती. बँकेनें लबाडी केली नव्हती. त्या शब्दाचा अर्थच तसा होता. चूक सर्वस्वीं आमची. बंधू आम्हांस एक शब्दही बोलले नाहींत, आणि तेंच आम्हांस अधिक लागलें. त्या दिवसापासून आम्हीं अशा शब्दांची एक वही अक्षरवार घातली आहे. तींतील ‘एम्’ अक्षराचें पान आज वाचकांपुढें ठेवितों.

मोरेटोरियम.— ज्या शब्दानें आम्हांस धडा शिकविला तोच प्रथम घेऊं. लॅटिन भाषेंतील ‘विलंब करणें’ ह्या अर्थाच्या धातूपासून हा शब्द निघाला. मराठींत त्याचा अर्थ वसुलीस तात्पुरती स्थगिती. रिझर्व्ह बँकेनें २७ मार्च २०२० रोजीं बँकांस अशी स्थगिती देण्याची मोकळीक दिली व पुढें ती ३१ ऑगस्ट २०२० पर्यंत वाढविली. पीककर्जांचाही तींत समावेश होता. परंतु स्थगिती हप्त्यास होती, व्याजास नव्हती. एक लाख रुपये बाकी असून व्याजाचा दर वार्षिक शेंकडा १२ असेल, तर सहा महिन्यांचें सरळ व्याज ६,००० रुपये होतें. तें चुकत नाहीं, पुढें सरकतें इतकेंच. मार्च २०२१ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें त्या काळांतील व्याजावर पुन्हां व्याज आकारूं नये असें ठरविलें, परंतु मूळ व्याज माफ केलें नाहीं. महसूल खात्यांत दुष्काळाच्या वर्षीं साऱ्याची ‘तहकुबी’ वेगळी व ‘सूट’ वेगळी. तहकूब झालेला सारा पुढें भरावा लागतो, सूट मिळालेला लागत नाहीं. हा भेद आम्हीं स्वतःच्या हातानें शेंकडों वेळां लिहिला होता. मोरेटोरियम म्हणजे तहकुबी, एवढें आम्हांस त्या दिवशीं सुचलें असतें तर बंधूंचें नुकसान टळलें असतें.

मॉर्गेज.— म्हणजे गहाण. हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेंतून आला असून त्याचा शब्दशः अर्थ ‘मृत तारण’ असा आहे. मालमत्ता हस्तांतरणाचा कायदा १८८२ चा असून त्याच्या ५८ व्या कलमांत गहाणाचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकीं चार शेतकऱ्यानें ओळखले पाहिजेत. पहिला साधें गहाण, ज्यास आपण नजरगहाण म्हणतों. यांत जमिनीचा ताबा आपल्याकडेच राहतो. दुसरा ताबेगहाण, यांत ताबा सावकाराकडे जातो व उत्पन्न तो घेतो. तिसरा हक्काचे मूळ कागद ठेवून केलेलें गहाण. बँकेंत आपण खरेदीखताची मूळ प्रत ठेवितों तेव्हां बहुधा हेंच होतें. चौथा शर्तीच्या विक्रीचें गहाण, म्हणजे आपली मुदतखरेदी. आणि सर्वांत धोक्याचा हाच.

मुदतखरेदींत कागद वरून विक्रीचा दिसतो. मुदतींत पैसे परत केल्यास जमीन परत मिळावयाची अशी अट असते. १९२९ सालीं कायद्यांत अशी दुरुस्ती झाली कीं, ही अट त्याच विक्रीच्या दस्तांत लिहिलेली नसेल तर तो व्यवहार गहाण मानला जाणार नाहीं. म्हणजे खरेदीखत नोंदवून द्यावयाचें आणि जमीन परत देण्याचें वचन तोंडीं किंवा वेगळ्या चिठ्ठीवर घ्यावयाचें, असें जो करितो, त्यास पुढें हें गहाण होतें असें सांगण्याचा मार्ग उरत नाहीं. उलट व्यवहार खरोखरी गहाणाचा असेल तर पैसे देऊन जमीन सोडविण्याचा हक्क कायदा राखतो, आणि १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणें त्यासाठीं सोडविण्याचा हक्क उत्पन्न झाल्यापासून ३० वर्षें दावा करितां येतो. एका कागदावरील दोन ओळींनीं एवढा फरक पडतो.

आपल्या सोसायटीचा ‘इकरार’ हा याहून निराळा. तो १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाच्या ४८ व्या कलमाखालचा असून त्यानें जमिनीवर संस्थेचा बोजा चढतो. बोजा बँकेचा असो वा सोसायटीचा, कर्ज फिटलें म्हणून तो आपोआप उतरतो असें समजूं नये. बेबाकीचा दाखला घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्यावा व सातबाऱ्याच्या इतर अधिकारांतून नोंद कमी झाल्याचें स्वतः पाहावें.

म्युटेशन.— म्हणजे फेरफार. जमिनीचा हक्क खरेदीनें, वारसानें, वांटणीनें किंवा बक्षिसानें बदलला म्हणजे १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १४९ व्या कलमाप्रमाणें तीन महिन्यांच्या आंत वर्दी द्यावयाची असते. मग गांव नमुना ६ मध्यें नोंद होते, संबंधितांस नोटीस जाते, हरकत आल्यास चौकशी होते, व नोंद प्रमाणित झाल्यावर सातबाऱ्यावर अंमल दिला जातो. नोटीस आली असतां ती न वाचतां पागोट्यांत खोंवून ठेवणारे गृहस्थ आम्हीं पुष्कळ पाहिले. तींत लिहिलेल्या मुदतींत हरकत न घेतल्यास नोंद कायम होते. मग अपिलाशिवाय गति नाहीं.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. फेरफार मंजूर झाला म्हणजे मालकी मिळाली, अशी समजूत गांवोगांव आहे. हक्काची नोंद ही विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावयाची असते. परंतु मालकी उत्पन्न होते ती खरेदीखत, वारसा, वांटणी इत्यादि मूळ कारणानें. फेरफार हा त्या कारणाचा आरसा आहे. म्हणून मूळ दस्त हरवूं नये व केवळ उताऱ्यावर विसंबून राहूं नये.

हाच शब्द बियाण्यांच्या शास्त्रांतही येतो. तेथें त्याचा अर्थ बीजगुणांत अचानक होणारा पालट. ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रानें किरणांच्या साह्यानें भुईमुगांत असे पालट घडवून त्यांतून नवे वाण निपजविले, टी. ए. जी. २४ हा प्रसिद्ध वाण त्याच कुळांतील. कचेरींतील फेर आणि बियांतील फेर, दोहोंसही इंग्रजींत शब्द एकच.

मायनर.— हा शब्द म्हणजे ‘लहान’. त्याचे आपल्या कामाचे अर्थ तीन. पहिला अर्थ अज्ञान, म्हणजे १८ वर्षें पुरीं न झालेला मुलगा अथवा मुलगी. सातबाऱ्यावर ‘अ. पा. क.’ अशीं अक्षरें दिसतात, तीं ‘अज्ञान पालन कर्ता’ याचीं होत. अज्ञानाच्या नांवाची स्वतंत्र जमीन बापानें किंवा आईनें न्यायालयाची आगाऊ परवानगी घेतल्यावांचून विकूं नये वा गहाण ठेवूं नये, असें १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या ८ व्या कलमांत आहे. तशी विकली तर तें मूल सज्ञान झाल्यावर तीन वर्षांच्या आंत ती विक्री रद्द करून मागूं शकतें. तेव्हां जमीन विकत घेणाऱ्यानें उताऱ्यावरील हीं तीन अक्षरें दिसतांच थांबावें व परवानगीचा हुकूम पाहावा. एकत्र कुटुंबाच्या अविभक्त मिळकतींतील अज्ञानाच्या हिश्शास मात्र हें कलम लागत नाहीं. त्याचा विचार निराळा आहे.

दुसरा अर्थ पाटबंधाऱ्याचा. मुख्य कालव्यापासून शाखा, शाखेपासून वितरिका व वितरिकेपासून लघुवितरिका निघते. तिलाच आपण ‘मायनर’ म्हणतों. तिसरा अर्थ गौण खनिज, म्हणजे वाळू, मुरूम, दगड इत्यादि. नांव गौण असलें तरी परवान्याशिवाय तें काढून वाहतूक केल्यास होणारा दंड गौण नसतो.

मॅनेजर.— बँकेंत बसतो तोच मॅनेजर असें नव्हे. सातबाऱ्यावर ‘ए. कु. मॅ.’ असें लिहिलेलें असतें, तें ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ याचें लघुरूप. हा शब्द इटालियन भाषेंतील घोडा हातीं धरून फिरविण्याच्या क्रियेवरून आला, आणि एकत्र कुटुंब चालविणें हें त्याहून सोपें काम नाहीं! ह्या नोंदीचा अर्थ असा कीं, नांव एकाचें असलें तरी जमीन सर्वांची आहे. कर्ता हा कुटुंबाच्या खऱ्या गरजेसाठीं किंवा हितासाठीं व्यवहार करूं शकतो, स्वतःच्या चैनीसाठीं नव्हे. सन २००५ च्या दुरुस्तीनें मुलींसही मुलांप्रमाणेंच जन्मतः हिस्सा मिळाला आहे. उताऱ्यावर बहिणीचें नांव नाहीं, एवढ्यावरून तिचा हिस्सा नाहीं असें समजणाऱ्या भावांनीं हें नीट लक्षांत घ्यावें.

मार्जिन.— ह्याचा मूळ अर्थ कडा अथवा समास. बँकेच्या भाषेंत मार्जिन म्हणजे कर्जानें घ्यावयाच्या वस्तूच्या किंमतींतील आपल्या पदरचा भाग. दोन लाखांचें अवजार असून मार्जिन शेंकडा १५ असेल, तर ३०,००० रुपये आपण घालावयाचे व १,७०,००० बँकेनें द्यावयाचे. हे पैसे बँकेची फी नव्हेत. ते आपल्याच वस्तूंत राहतात. ‘मार्जिनल’ शेतकरी म्हणजे काठावरचा; सरकारी व्याख्येंत ज्याची जमीन एक हेक्टरपर्यंत आहे तो. एकाहून अधिक व दोन हेक्टरांपर्यंत असेल तो अल्पभूधारक. अनेक योजनांत अनुदानाचा दर ह्या भेदावर ठरतो, म्हणून दाखला घेतांना आपण कोणत्या वर्गांत मोडतों तें पाहून घ्यावें.

मिनिमम.— म्हणजे किमान, कमींत कमी. कृषिमूल्य आयोग १९६५ सालीं स्थापन झाला. त्याच्या शिफारशीवरून केंद्र सरकार २२ पिकांच्या किमान आधारभूत किंमती जाहीर करितें. उंसाची किंमत वेगळ्या नियमानें ठरते. आधारभूत किंमत म्हणजे भाव त्याखालीं गेल्यास सरकारी यंत्रणेनें ज्या दरानें माल घ्यावयाचा तो दर. ती जमिनीवरची ओल आहे, माथ्यावरचें छप्पर नव्हे. तरीही बाजारांत ‘आधारभूत किंमतच एवढी आहे, मग अधिक कोठून देऊं?’ असें बोलणारे खरेदीदार भेटतात. त्यांस ‘मिनिमम’ शब्दाचा अर्थ विचारावा.

मॉइश्चर.— म्हणजे मालांतील ओलावा. काट्यावर यंत्र लावून आंकडा सांगतात आणि त्यावर कपात होते. म्हणून हा हिशेब प्रत्येकानें स्वतः करावा. सोयाबीनची प्रमाणभूत ओल शेंकडा १२ धरितात. सन २०२४ सालीं सरकारी खरेदींत ती १५ पर्यंत चालेल असें केंद्रानें ठरविलें होतें. समजा, आपल्या एक क्विंटल मालांत ओल शेंकडा १५ निघाली. म्हणजे पाणी १५ किलो व कोरडा माल ८५ किलो. हाच माल १२ टक्क्यांपर्यंत वाळविला तर त्याचें वजन ८५ भागिलें ०.८८, म्हणजे सुमारें ९६ किलो ६०० ग्रॅम भरेल. अर्थात् न्याय्य कपात सुमारें ३ किलो ४०० ग्रॅमांची. याहून फार अधिक कापीत असतील तर कारण विचारावें, किंवा माल घरीं नेऊन दोन उन्हें द्यावीं. कापसांत भारतीय कपास निगम ८ ते १२ टक्के ओलीपर्यंत माल घेतें व ८ च्या वर ओल गेल्यास भाव त्या मानानें कमी होतो. पहिल्या वेंचणीचा दंवानें भिजलेला कापूस तसाच गाडींत भरणें म्हणजे आपल्याच हातानें भाव उतरविणें होय.

मोलॅसिस.— म्हणजे उंसाची मळी. हा शब्द मधाच्या लॅटिन नांवापासून पोर्तुगीजांमार्फत इंग्रजींत गेला. मळींतून मद्यार्क व इथेनॉल निघतें, म्हणून ती टाकाऊ वस्तु राहिलेली नाहीं. रंगराजन समितीनें २०१२ सालीं अशी शिफारस केली कीं, साखर आणि मळी, भुसा इत्यादि उपपदार्थ मिळून येणाऱ्या किंमतीचा शेंकडा ७० भाग, अथवा केवळ साखरेच्या किंमतीचा शेंकडा ७५ भाग ऊंसवाल्यास मिळावा. महाराष्ट्रानें २०१३ सालीं ह्या धर्तीवर कायदा केला. सभासदांनीं वार्षिक सभेंत ताळेबंद वाचतांना साखरेबरोबर मळीच्याही ओळीवर बोट ठेवावें.

म्युरिएट व मोनो.— खताच्या दुकानांत ‘एम्’नें आरंभ होणारीं तीन लघुरूपें ऐकूं येतात. एम. ओ. पी. म्हणजे म्युरिएट ऑफ पोटॅश. यांत पालाश शेंकडा ६० असून बाकीचा मोठा भाग क्लोराइडाचा असतो. तंबाखूस तें घालूं नये, पानाची जळण्याची प्रत बिघडते. एम. ए. पी. म्हणजे मोनो अमोनियम फॉस्फेट, १२:६१:०, आणि एम. के. पी. म्हणजे मोनो पोटॅशियम फॉस्फेट, ०:५२:३४. हीं दोन्हीं विद्राव्य खतें होत. ‘मोनो’ म्हणजे एक. तिन्हींचे दर व गुण भिन्न आहेत. मजुरास तोंडीं निरोप देऊन पाठवूं नये. पोत्यावरील तीन आंकडे कागदावर लिहून द्यावे.

मॅग्नेशियम व मँगनीज.— हीं नांवें भावंडांसारखीं दिसतात, कारण दोन्हीं ग्रीस देशांतील मॅग्नेशिया ह्या एकाच प्रांताच्या नांवावरून पडलीं. पण द्रव्यें दोन आहेत. मॅग्नेशियम हें दुय्यम अन्नद्रव्य. त्याची उणीव पडल्यास प्रथम खालचीं जुनीं पानें शिरांमधून पिवळीं पडतात, व कापसांत तीं लाल होतात. मँगनीज हें सूक्ष्म अन्नद्रव्य, थोडकेंच लागणारें. त्याची उणीव कोंवळ्या पानांवर आधीं दिसते. एकाच्या उणिवेस दुसऱ्याची फवारणी केल्यास पैसा जातो आणि रोग राहतो. तेव्हां आधीं पान खालचें कीं वरचें तें पाहावें, मग पुडीवरील नांव अक्षर अक्षर वाचावें.

मॉन्सून व मँगो.— शेवटीं दोन गोड शब्द. मॉन्सून हा अरबी ‘मौसिम’ पासून पोर्तुगीजांमार्फत इंग्रजांकडे गेला. आपला ‘मोसम’ त्याचाच भाऊ. मँगो हा मलयाळी ‘मांगा’ पासून त्याच वाटेनें गेला. म्हणजे पाऊस व आंबा यांचीं नांवें इंग्रजांनीं आपल्याच बाजूनें उचललीं, आणि त्यासाठीं त्यांस कोणी हंसलें नाहीं. मग त्यांचा शब्द न कळल्यास विचारण्यांत आपणांस तरी कमीपणा कां वाटावा?

तात्पर्य, सही करण्यापूर्वीं अनोळखी शब्दाचा अर्थ मराठींत विचारावा. सांगणाऱ्यास सांगतां आला नाहीं तर सही दुसऱ्या दिवशीं करावी. आणि कागदाची प्रत घरीं ठेवावी. ज्यास विचारावयाचें तो कचेरींत राहिलेला आहे म्हणून त्यास सर्व ठाऊक असेल असें मात्र धरून चालूं नये. हें आम्हीं अनुभवानें सांगत आहों.

आमच्या बंधूंचें तें कर्ज आतां फिटलें आहे. बेबाकीचा दाखला घेण्यास आम्हीं दोघे मिळून गेलों व बोजा कमी झाल्याचा फेरफार प्रमाणित झालेला स्वतः पाहून आलों. वाचकांस अडलेले असे दुसरे शब्द असतील तर त्यांनीं ते संपादकांकडे लिहून कळवावे. वहींत पुष्कळ पानें कोरीं आहेत.